वेल्डिंगचा स्टड की आट्याचा?

सावळघाट उतरताना माझ्या जुन्या मोटरसायकलचा मागचा शॉकप लोंबकळायला लागला. वरचा स्टड, म्हणजे शॉकप ज्यावर अडकवतात तो दांडा, मुळाशी तुटला होता. टेम्पोत घालून गाडी नाशिकला आणली, तर पहिल्याच गॅरेजवाल्याने तुकडा धड न बघताच सांगितलं, "वेल्डिंग मारून देतो." इथेच घोळ होतो.

बाहेरून वेल्डिंगचा आणि आट्याचा, दोन्ही स्टड सारखेच दिसतात: दांडा, वायसर, डोम नट. फरक बुडाशी असतो. रंग खरवडा. बुडाभोवती वेल्डिंगची कडी दिसली तर स्टड चेसीला कायमचा जोडलेला. ब्रॅकेटच्या मागे आट्यांचं (स्क्रूसारख्या पेचांचं) टोक किंवा नट दिसला तर तो फिरवून बसवलेला. कधी आधीच्या मालकाने आट्याच्या स्टडवरच वेल्डिंग थापलेलं असतं, तेव्हा दोन्ही बाजूंनी बघा.

आट्याचा असेल तर सोपं. आत राहिलेल्या तुकड्याच्या, म्हणजे ठुट्याच्या, मध्यावर सेंटर पंच, छोटं ड्रिल, मग एझी आउट (तुटका स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार). ठुटं बाहेर आलं की जुन्या आट्यांचं माप घ्या. १० मिलीमीटरचा स्टड १.२५ पिचचाही (दोन आट्यांमधलं अंतर, मिलीमीटरमध्ये) असतो आणि १.५ चाही. हार्डवेअरच्या दुकानात बहुधा १.५ मिळतो, तो दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे पाना जोरात ओढला की चेसीचे आटे गेले. जुन्या बुलेटचे बरेच आटे तर इंची मापाचे.

वेल्डिंगच्या स्टडची गोष्ट वेगळी. तुटक्या ठुट्याला टोकाला टोक लावून नवा दांडा चिकटवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण सगळा भार नेमका त्या सांध्यावर येतो. दुसरी चूक म्हणजे ८.८ चा (जास्त ताकदीच्या ग्रेडचा) बोल्ट डोकं कापून वेल्ड करणं. त्या बोल्टची ताकद त्याला कारखान्यात पाणी देऊन, म्हणजे ठरावीक रीतीने तापवून-थंड करून, मिळालेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती जाते. जस्ताचा मुलामा असेल तर धूर विषारी. त्यापेक्षा जुनं वेल्डिंग ग्राइंडरने काढा, ठुटं पूर्ण बाहेर काढा आणि नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या लेथवाल्याकडून कॉलर असलेला स्टड बनवून घ्या. कॉलर ब्रॅकेटला टेकते, वेल्डिंग मागच्या बाजूने होतं, आटे आचेपासून लांब राहतात. लेथवाला सवयीने ईएन-८ नावाचं पोलाद घेईल. त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास, म्हणून वेल्डिंगआधी जागा गरम करायला आणि नंतर हळूहळू थंड होऊ द्यायला सांगा. पाणी मारलं तर सांधा काचेसारखा ठिसूळ. आणि हो, आधी टाकी उतरवा, बॅटरी आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सोडवा.

तुटलेला तुकडाही फेकू नका. तुटीचा काही भाग काळा-गंजका आणि काही चकचकीत असेल, तर भेग जुनी होती. शॉकपचा रबरी बुश झिजून किंवा नट सैल राहून स्टड रोज थोडा थोडा वाकत होता. माझ्या तुकड्यावर निम्म्याहून जास्त भाग काळा निघाला. मग दुसऱ्या बाजूचा स्टडही त्याच दिवशी बदलला, दोन्ही शॉकपचे बुशही.