ट्रेलरचं छत गळतंय की आतल्या हवेचं पाणी होतंय?

अमेरिकेतल्या सिएटल-पोर्टलंडच्या पट्ट्यात पाऊस आणि थंडी हातात हात घालून येतात, ऑक्टोबरपासून थेट एप्रिलपर्यंत. या दिवसांत कॅम्पिंग ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं छोटं घर, बाळगणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी गादीची कड ओली लागते, कपाटात कुबट वास येतो, आणि मग शिडी लावून दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरणं सुरू होतं. माझा आग्रह आहे की शिडी दोन दिवस बाजूलाच राहू द्यावी. आत दिसणारं पाणी पावसाचं असू शकतं, तसंच आतल्याच हवेतून थंड पृष्ठभागावर जमलेलंही असू शकतं. ओल सारखीच दिसते, इलाज मात्र एकमेकांच्या उलट. गळतीची वाट बंद करायची असते, वाफेला वाट करून द्यायची असते. वाफेचा त्रास असताना सगळ्या फटी बुजवल्या तर आतली ओल वाढतेच.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला छतावर डाग दिसला की गळतीच आठवते, आणि तिथे ते बहुधा खरंही असतं. जुलैत मुंबईच्या घरात एसी नसेल तर आतलं आणि बाहेरचं तापमान जवळपास सारखंच असतं, त्यामुळे भिंतीवर दव धरत नाही. डिसेंबरातल्या ट्रेलरची गोष्ट वेगळी. आत २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमणार. बाहेर चार-पाच अंश असताना एकेरी काच, खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, छतातल्या व्हेंटचं (हवेच्या झरोक्याचं) झाकण हे सगळं त्याहून थंडच असतं.

ही वाफ येते कुठून? झोपलेल्या माणसांच्या श्वासातून, उकळत्या भातातून, दाराशी टांगलेल्या ओल्या रेनकोटांतून. आणि गॅसमधून, जे फार थोड्यांच्या लक्षात येतं. १ किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ट्रेलरमध्ये बसवलेल्या फर्नेसचा (गॅसवरच्या पक्क्या हीटरचा) धूर, आणि त्यातली वाफ, बाहेर जाते. शेगडी आणि धुरांडं नसलेला सुटा हीटर मात्र सगळं आतच सोडतात. ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवणं तर कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावरचंच आहे.

फरक ओळखायला सगळ्यात उपयोगी प्रश्न म्हणजे ‘पाणी कधी दिसलं?’ पाऊस नसलेल्या थंड रात्रीनंतर सकाळी काचा आणि कोपरे ओले असतील तर ती वाफ. उलट, ट्रेलर रिकामा, हीटर बंद, जोराचा पाऊस झाला आणि एकाच जागी पाणी आलं, तर गळती. इथे दोन गोष्टी फसवतात. पावसात आपण खिडक्या घट्ट लावतो, म्हणून वाफेची ओलही नेमकी पावसातच वाढते. आणि भिंतीतलं इन्सुलेशन पाणी धरून ठेवतं, त्यामुळे गळतीचं पाणी कधी कधी ऊन पडल्यावर, दोन दिवसांनी टपकतं.

दिसण्यातही फरक असतो. गळतीचा डाग एकाच जागी, तपकिरी कडा असलेला. तिथलं पॅनेल फुगतं, अंगठ्याने दाबलं तर मऊ लागतं. वाफ पसरून बसते: काळपट बुरशी कपाटाच्या कोपऱ्यात, गादीच्या खालच्या बाजूला, किंवा छतावर सांगाड्याच्या धातूच्या पट्टीबरोबर सरळ रेषेत. गादीखालचा प्लायवूड नेमका शरीराखाली ओला असेल, तर ते झोपलेल्या माणसाचंच बाष्प. तरीही शंका राहिली तर ती जागा कोरडी पुसून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ. प्लास्टिक आणि भिंत किंवा छत यांच्या मधे असतील तर पाणी तिथूनच येतंय.

कडक उन्हाळ्यात, पाऊस नसताना छतातल्या एसीजवळून पाणी टपकलं तर आधी एसीच तपासा. त्याचं स्वतःचं पाणी छतावरून वाहून जायला हवं. एसीखालचं गॅस्केट (फट बंद ठेवणारी मऊ पट्टी) सैल पडलं की तेच पाणी आत उतरतं.

गळतीच आहे असं ठरलं की मग शिडी. डागाच्या बरोबर वरच भोक असेल असं मुळीच नाही. पाणी सांगाड्याच्या आधाराने लांब सरकतं, आणि ट्रेलर ज्या बाजूला कललेला असेल तिकडे जातं. संशयाच्या जागा ठरलेल्या: छत आणि भिंत मिळतात ती कोपऱ्याची पट्टी, व्हेंटच्या कडा, पुढचे वरचे छोटे दिवे, ऑनिंगचे (दाराबाहेरच्या कापडी छपराचे) आणि ट्रेलरला लावलेल्या शिडीचे स्क्रू. खिडकीखाली पाणी येत असेल तर आधी चौकटीतली निचऱ्याची बारीक भोकं साफ करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नंतर बागेच्या नळीने हलकं पाणी सोडा, खालून वर, एकेका जागी काही मिनिटं, आणि आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं असू दे. वरून सुरुवात केली तर खालचं सगळं एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो.

रबरी छतावर साधं सिलिकॉन नीट धरत नाही, आणि त्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही. कडेखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून त्या छतासाठीचाच लॅप सीलंट (सांध्यांवर भरायचा लेप), हेच टिकतं. निघाली वाफच, तर छताचा व्हेंट आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवा, पावसातसुद्धा. गादीखाली पट्ट्या टाकून हवा खेळती करा. काही ट्रेलरमध्ये दोन्ही त्रास एकत्र असतात, तेव्हा आधी गळती बंद करायची. मात्र मऊ पडलेल्या प्लायवूडवर नवीन पॅनेल ठोकू नका. जुनं पॅनेल काढून लाकडातली ओलावा-मीटरची नोंद १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवा, आणि कुजलेला भाग कापून बदला.