सातवा पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी सात गुण नव्हेत

ओळखीच्या एका आईने परवा मोबाइलवरचे अ‍ॅप उघडून तिच्या बरोबर एक वर्षाच्या मुलाची नोंद माझ्यापुढे धरली. वजन ८.२ किलो आणि त्याखाली लाल अक्षरांत ‘७ वा पर्सेंटाइल’. “शंभरात सात म्हणजे हा नापासच झाला ना?” असे तिने विचारले, तेव्हा तिचा आवाज कापरा झाला होता. हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की त्याचे निरसन करण्यासाठी तो आकडा नेमका कसा निघतो, हेच एकदा सविस्तर सांगावे असे मला वाटले.

पर्सेंटाइल हे रांगेतले स्थान आहे. त्याच वयाचे शंभर निरोगी मुलगे वजनाच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर त्यांतले साधारण सात या मुलापेक्षा हलके असतील, एवढाच त्याचा अर्थ. रांग म्हटली की तिच्यात कोणीतरी सातवे असणारच, आणि सगळेच्या सगळे निरोगी असले तरी शंभरातले तिघे तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली राहणारच. पन्नासावा पर्सेंटाइल ही रांगेची मधली जागा आहे. प्रत्येक मुलाने गाठायचे ते लक्ष्य नाही.

पण ही शंभर मुलांची रांग प्रत्यक्षात कुठे असते? सर्वांत सोपा मार्ग असा की प्रत्येक महिन्याच्या वयाची शंभर-शंभर मुले मोजावीत, वजने क्रमाने लावावीत आणि खालून तिसऱ्या वजनावर ठिपका द्यावा. असे केले की पंचाईत होते, कारण तिसरा पर्सेंटाइल अवघ्या दोन-तीन मुलांवर तोलला जातो. आठव्या महिन्याच्या गटात योगायोगाने जरा दणकट मुले आली आणि नवव्याच्या गटात एखादे फारच किरकोळ मूल आले, तर ठिपके जोडणारी रेषा खाली उतरते आणि बाळांची वजने वयाबरोबर घटतात असे हास्यास्पद चित्र तयार होते. डॉक्टरांना ज्या कडेच्या रेषांची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच सर्वांत डळमळीत निघतात. म्हणून शंभराच्या शंभर मुलांची माहिती कडेच्या रेषांच्या कामी कशी आणता येईल, हा खरा प्रश्न आहे.

मोजमापे घंटेच्या आकाराच्या वक्रात, म्हणजे प्रसामान्य वितरणात बसत असतील, तर उत्तर सोपे आहे. मधली किंमत आणि पसारा दाखवणारे प्रमाण विचलन हे दोन आकडे कळले की कोणताही पर्सेंटाइल काढता येतो, आणि हे दोन्ही आकडे सगळ्या मुलांकडून मिळतात. बाळाच्या लांबीच्या बाबतीत हे छान जमते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात एक वर्षाच्या मुलग्यांची मधली लांबी ७५.७ सेंटिमीटर आहे. तिच्या खाली दोन प्रमाण विचलनांवर ७१.० आणि वर दोनवर ८०.५. दोन्ही बाजूंचे अंतर जवळपास सारखेच आहे. वजनाकडे वळलो की ही समतोल मांडणी मोडते. मधले वजन ९.६५ किलो, खालची रेषा ७.७ आणि वरची १२.०, म्हणजे खाली सुमारे १.९ किलोचे अंतर, तर वर सुमारे २.३ किलोचे. वजनाच्या वितरणाला उजवीकडे लांब शेपूट असते.

आता हेच तीन आकडे वजाबाकीऐवजी भागाकाराने पाहू. ९.६५ भागिले ७.७ म्हणजे सुमारे १.२५, आणि १२.० भागिले ९.६५ म्हणजे सुमारे १.२४. समतोल होताच, तो बेरजेच्या मोजपट्टीवर दिसत नव्हता, गुणाकाराच्या पट्टीवर दिसला. या विषयातली ही जागा मला सर्वांत देखणी वाटते. लांबी ही एकाच दिशेची राशी असते, तर वजन लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्हींच्या एकत्र परिणामातून घडते. त्यामुळे मुलांच्या वजनांतला फरक इतक्या-इतक्या किलोंच्या ऐवजी इतक्या-इतक्या पटींनी मोजणे अधिक स्वाभाविक ठरते.

मग प्रत्येक मोजमापासाठी योग्य पट्टी कोणती, हे कोणी ठरवायचे? १९६४ साली बॉक्स आणि कॉक्स या संख्याशास्त्रज्ञांनी असा मार्ग दाखवला होता की राशीला एखादा घातांक द्यावा आणि तो घातांक कोणता हे माहितीलाच ठरवू द्यावे. घातांक १ असेल तर मूळ पट्टी तशीच राहते; तो शून्याकडे झुकला की पट्टी लघुगणकाची, म्हणजे गुणाकाराची होते; उणे झाला की उजवीकडची शेपूट आणखी जोराने आत ओढली जाते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ टिम कोल यांनी १९८८ मध्ये ही कल्पना वाढीच्या आलेखांना लावली आणि तिला एक निर्णायक जोड दिली: वयाबरोबर हा घातांकही बदलू द्यावा. अशा रीतीने प्रत्येक वयाला तीन आकडे मिळाले. एल म्हणजे घातांक, एम म्हणजे मध्यक, अर्थात मधली किंमत, आणि एस म्हणजे मधल्या किमतीच्या तुलनेत पसारा किती, ते सांगणारा चलनगुणांक. ही एलएमएस पद्धत. वाढीच्या तक्त्यावर छापलेल्या सगळ्या रेषा या तीन आकड्यांतूनच उलगडतात.

त्या मुलाचेच गणित हाताने करून पाहू. एक वर्षाच्या मुलग्यांच्या वजनासाठी एल ०.०६४४, एम ९.६४७९ आणि एस ०.१०९२५ आहे. वजनाला मध्यकाने भागले की ८.२ भागिले ९.६५, म्हणजे ०.८५ येतात. त्याला ०.०६४४ हा घातांक दिला की ०.९८९६ मिळतात, त्यातून १ वजा केला की उणे ०.०१०४, आणि त्याला एल व एस यांच्या गुणाकाराने भागले की उणे १.४८. हा झाला झेड स्कोअर, म्हणजे मधल्या रेषेपासून प्रमाण विचलनांत मोजलेले अंतर. घंटाकृती वक्राच्या कोष्टकात उणे १.४८ च्या खाली सुमारे सात टक्के मुले असतात. अ‍ॅपने लाल अक्षरांत दाखवलेला सात तो हाच. वयाच्या मानाने वजन कमी आहे असे सामान्यतः उणे दोनच्या खाली गेल्यावर म्हटले जाते.

अजून एक काम उरते. प्रत्येक वयाचे एल, एम आणि एस स्वतंत्रपणे काढले, तर तेही थरथरत पुढे सरकतील. कोल आणि ग्रीन यांनी १९९२ मध्ये त्यासाठी ‘दंड’ आकारण्याची रीत मांडली. वक्र मोजमापांच्या जितका जवळून जाईल तितके त्याला श्रेय द्यायचे, पण त्याचा चढउतार जिथे जिथे वळण घेतो, तिथल्या वक्रतेचा वर्ग करून आणि बेरीज करून तेवढा दंड वजा करायचा. दंड फार हलका असला की वक्र प्रत्येक योगायोगाच्या मागे धावतो. फार जबर असला की पट्टीसारखा ताठ होतो आणि वाढीतली खरी वळणेही पुसून टाकतो. पहिल्या काही महिन्यांत वाढ झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, म्हणून वयाचा अक्षही आधी सुरुवातीला ताणून आणि पुढे आवळून घ्यावा लागतो. नाही तर एकच दंड दोन्ही टोकांना न्याय देऊ शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात पेलोटास (ब्राझील), अक्रा (घाना), दिल्ली, ओस्लो (नॉर्वे), मस्कत (ओमान) आणि डेव्हिस (अमेरिका) येथे सुमारे ८,५०० मुलांची मोजमापे घेतली आणि २००६ मध्ये त्यांवर आधारलेले तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत वितरणाच्या शेपटांची जाडी सांगणारा चौथा आकडाही वापरून पाहिला गेला, पण त्याची गरज भासली नाही आणि गणित पुन्हा एलएमएसवरच आले. शिवाय ही मुले मुद्दाम निवडलेली होती: आईचे दूध मिळणारी आणि धूम्रपान न करणाऱ्या आयांची. मुले कशी वाढतात, यापेक्षा अनुकूल परिस्थितीत ती कशी वाढू शकतात, हे या तक्त्यांतून कळते. दोन वर्षांच्या टप्प्यावर झोपवून मोजलेली लांबी उभ्याने मोजलेल्या उंचीपेक्षा ०.७ सेंटिमीटर जास्त धरली जाते, म्हणून तक्त्यातली रेषा तिथे एक पायरी उतरते. मूल आखूड झाले म्हणून कोणी घाबरू नये.

उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या भुकट्यांच्या जाहिरातींबद्दल येथेच बोलले पाहिजे. ‘एका वर्षात पाच सेंटिमीटर’ असे त्या मोठ्या अक्षरांत छापतात, पण शाळकरी वयातले निरोगी मूल काहीही न घेता वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतेच. ज्या दाव्यासोबत त्या वयाचा झेड स्कोअर आधी किती होता आणि नंतर किती झाला हे सांगितलेले नसते, तो दावा तपासता येत नाही, आणि पालकांच्या काळजीवर असा धंदा करणे मला अक्षम्य वाटते.

त्या आईकडे मी आधीच्या नोंदी मागितल्या. सहाव्या महिन्यात ६.७ किलो आणि नवव्या महिन्यात ७.६ किलो. त्या त्या वयाचे एल, एम आणि एस घेऊन मी कागदावर गणित मांडले: उणे १.५३, उणे १.४४ आणि आता उणे १.४८. तिन्ही ठिपके तिने स्वतः छापील तक्त्यावर दिले, त्यांवरून बोट फिरवले आणि ते बोट छापलेल्या रेषांना समांतर सरकत गेले.