परसातली रेल्वे: रूळ टाकण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

आमच्याकडे परसात छोटी (मॉडेल) रेल्वे बांधून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक आधी इंजिनाचं विचारतात. वाफेचं मिळेल का, किती डबे ओढेल, शिट्टी वाजेल का. आम्ही त्यांना विचारतो, जुलैमध्ये तुमच्या परसात पाणी कुठे साचतं? उत्तर देता आलं नाही तरी हरकत नाही, पण काम तिथूनच सुरू होतं. आपल्याकडे बागेतली रेल्वे बंद पडते ती इंजिनामुळे क्वचितच. रुळांखालचं काम कच्चं राहिलेलं असतं. म्हणून या पत्रकात निम्म्याहून जास्त जागा जमिनीला दिली आहे. इंजिनाबद्दल भेटीत निवांत बोलू.

कुठली गाडी, कुठलं माप

पुण्यातलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून अनेक जण "असंच अंगणात करा" म्हणत येतात. तिथल्या गाड्या १:८७ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. घराच्या आत हे माप उत्तम. बाहेर मात्र एक वाळकी काडी पडली तरी गाडी घसरते. बागेसाठी रुळांमधलं अंतर ४५ मिमी असलेला मार्ग घ्यावा. जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली एलजीबी नावाने या मापाच्या गाड्या बाजारात आणल्या, आणि आज बागेतल्या रेल्वेसाठी मिळणारं बरंचसं सामान याच रुंदीवर धावतं.

त्यांचं प्रमाण १:२२.५. पंचेचाळीसला साडेबावीसने गुणलं की जवळपास एक मीटर येतो. म्हणजे ही खरी मीटरगेज. पूर्णा-अकोला किंवा खांडवा-महू मार्गावरची जुनी गाडी ज्यांच्या मनात आहे, त्यांना हे माप तंतोतंत बसतं. माथेरानची गाडी हवी असेल तर ३२ मिमी रूळ आणि १:१९ प्रमाण घ्या. माथेरानचा ६१० मिमी मार्ग त्यात बरोबर उतरतो. बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमीची होती. तिच्यासाठी त्याच ३२ मिमी रुळावर १:२४ चालतं.

डेक्कन क्वीनची मागणी सर्वात जास्त असते, आणि तिथे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी. ४५ मिमी रुळावर तिचं प्रमाण १:३७ येतं, आणि बाजारातल्या प्रचलित मापांपैकी एकही तिथे बसत नाही. १:३२ मध्ये डबे बनवून देता येतात, दिसतातही देखणे, पण रूळ गाडीच्या मानाने थोडे अरुंद वाटतात. हे मान्य असेल तरच पुढे जाऊ.

फक्की टाका, मग कागद घ्या

आराखडा कागदावर काढण्याआधी जमिनीवर काढा. बागेला पाणी घालायचा पाईप जमिनीवर पसरून वळण ठरवा आणि त्यावरून फक्की ओढा. चार-पाच दिवस ती रेघ तशीच राहू द्या. कपडे वाळत घालायला कुठून जाता, तुळशीकडे कुठून वळता, सायकल कुठे लावता, हे त्या पांढऱ्या रेघेवरून लगेच कळतं. जिथे रेघ पुसली जाते तिथे पायवाट आहे. तिथे रूळ नकोत, किंवा उचलता येईल असा पूल हवा.

वळणाची त्रिज्या जितकी मोठी तितकी चांगली. तयार रुळांमध्ये सर्वात लहान त्रिज्या ६० सेंमीची असते. तिच्यावर दोन चाकजोड्यांचं छोटं इंजिन आणि आखूड डबे फिरतात, लांब बोगी मात्र वळणावर बाहेर झुकते आणि शेजारच्या कुंडीला घासते. आम्ही १२० सेंमीच्या खाली शक्यतो जात नाही. त्या वळणाचा पूर्ण वेढा मारायला दोन्ही बाजूंची मोकळीक धरून साधारण तीन मीटर रुंदी लागते. तेवढी जागा नसेल तर वेढ्याचा हट्ट सोडा. कुंपणाच्या कडेने या टोकाच्या स्टेशनावरून त्या टोकाच्या स्टेशनावर जाणारा सरळ मार्गही फार सुंदर होतो, आणि त्यात डबे कापणं-जोडणं, इंजिन दुसऱ्या टोकाला नेणं हा रेल्वेचा खरा आनंद जास्त मिळतो.

चढ ठरवताना घाट आठवा. कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडतात ती ३७ मीटरमागे एक मीटर, म्हणजे १:३७ चढासाठी. माथेरानचा चढ १:२०, म्हणून तिथले डबे इतके छोटे आणि मोजके. उलट कोकण रेल्वे आखताना चढ १:१५० पेक्षा तीव्र ठेवलाच नाही, त्यासाठी बोगदे आणि पूल पत्करले. तुमच्या बागेत १:५० पर्यंत ठेवा, म्हणजे एक मीटरला दोन सेंमी. सपाटीवर सहा डबे सहज नेणारं इंजिन १:२५ वर तीन डब्यांत दमतं, हे आम्ही वारंवार पाहिलं आहे. बाग उतरती असेल तर रूळ उतरते ठेवू नका. एका बाजूला भराव घाला, दुसऱ्या बाजूला खोदा आणि रूळ सपाट न्या.

रुळांखाली काय घालायचं

सुरुवातीच्या काळातल्या आमच्या एका कामात आम्ही काळ्या मातीवर थेट कच पसरून रूळ टाकले होते. दिवाळीत उद्घाटन झालं, मुलांनी झेंडे दाखवले. एप्रिलमध्ये बोलावणं आलं म्हणून गेलो, तर मार्ग लाटेसारखा वरखाली झालेला. एका जागी जमिनीला बोटभर भेग पडली होती आणि तिच्यावर रूळ अधांतरी लटकत होते. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की फाटते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. आम्ही मात्र ते विचारात घेतलं नव्हतं. तो सगळा मार्ग आम्ही स्वखर्चाने उचलून परत टाकला.

तेव्हापासून काळ्या मातीत आम्ही किमान ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद चर खणतो. माती पूर्ण काढून टाकतो. मुरूम दहा-दहा सेंमीच्या थरांनी भरतो आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकतो. त्यावर जिओटेक्स्टाईल कापड घालतो, म्हणजे खालची माती वर येत नाही आणि तणही कमी उगवतं. सर्वात वर सात-आठ सेंमी सहा एमएमची ग्रिट, म्हणजे बारीक खडी. ही क्रशरची, कोनेदार हवी. नदीतले गोल गोटे सुंदर दिसतात, पण ते एकमेकांवरून घरंगळतात आणि रूळ धरून ठेवत नाहीत. रूळ टाकून झाले की स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) माथ्यापर्यंत ग्रिट भरायची.

मुरमाड जमिनीत एवढा खटाटोप नको, १५ सेंमीचा चर पुरतो. कोकणात जांभ्याच्या जमिनीत भेगांचा त्रास नाही, पण पहिल्या मोठ्या सरीत ग्रिट वाहून जाते. तिथे मार्गाच्या दोन्ही कडांना चिऱ्याच्या तुकड्यांची बुटकी ओळ लावतो. आणि परवडत असेल तर कोकणातल्या ग्राहकांना आमचा आग्रह असतो की चिऱ्याचा कट्टाच बांधून घ्या, बसायच्या उंचीचा, त्यावर रेल्वे. पाण्याचा प्रश्न मिटतो, रूळ पुसायला वाकावं लागत नाही, आणि आजोबांना खुर्चीत बसून रुळांचे सांधे बदलून गाडी दुसऱ्या मार्गावर घेता येते.

पाणी मार्ग ओलांडून जिथून जातं तिथे मोरी हवीच. खऱ्या रेल्वेत असते तशीच. चार इंची पीव्हीसी पाईप आडवा गाडून दोन्ही तोंडांना दगड रचले की काम झालं, शोभाही येते. मोरी नसेल तर भराव धरण होतो, आणि २००५ च्या जुलैमध्ये माथेरानच्या मार्गाचं पाण्याने काय केलं ते आपण पाहिलं आहे. ती गाडी पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं.

लांबवरची सपाटी गवंड्याच्या लेव्हल पाईपने बघा, जवळची पाणसळीने. पाणसळ रुळांवर आडवी ठेवून दर हातभर अंतरावर तपासा. एक रूळ दोन मिमी खाली असला तरी गाडी नेमकी तिथेच घसरते.

ऊन

पितळेचा दहा मीटर रूळ डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ४५ अंश तापला, तर साडेआठ मिमी वाढतो. त्या वाढीला जागा हवी. स्क्रूने कोब्यावर पक्के आवळलेले रूळ दुपारी दोन वाजता कमान करून वर उठलेले आम्ही पाहिले आहेत. स्लीपरचे चिमटे तुटून बाजूला पडले होते. म्हणून रूळ जमिनीला बांधायचे नाहीत, ग्रिटमध्ये सैल ठेवायचे. दीड मीटरचे रूळ असतील तर प्रत्येक जोडावर फट ठेवायची. एटीएम कार्डाची जाडी साधारण पाऊण मिमी असते. थंडीत सकाळी रूळ टाकताना फटीत दोन कार्डं धरा, मार्चमध्ये दुपारी टाकत असाल तर एक पुरे.

वीज रुळांतून की बॅटरीतून?

आमचं मत बॅटरीच्या बाजूने आहे. रुळांतून वीज द्यायची तर रूळ रोज स्वच्छ हवेत, प्रत्येक जोड विजेच्या दृष्टीने घट्ट हवा, आणि वर सांगितलेली फटही हवी. हे सगळं एकत्र साधणं कष्टाचं आहे. साधतं, पण प्रत्येक फटीवरून जोडतार टाकावी लागते. इंजिनात किंवा मागच्या डब्यात लिथियमचे चार-पाच सेल आणि रेडिओ रिमोट बसवला की रूळ फक्त चाकांसाठी उरतात. सेल उन्हात ठेवू नका, चार्जिंग घरात डोळ्यांसमोर करा. रुळांतूनच वीज हवी असेल तर २४ व्होल्टच्या आतली, ट्रान्सफॉर्मर घरात, आणि त्या लाईनला ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय आम्ही जोडणी करून देत नाही.

वाफेचं इंजिनही मिळतं, छोट्या गॅसच्या टाकीवर चालणारं. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरच्या पाण्याने बॉयलरला क्षार धरतात. मुलांजवळ मोठं माणूस हवंच.

झाडं आणि प्राणी

आंब्याखाली रूळ टाकू नका, असं आम्ही सांगतो तेव्हा सावली सोडवत नाही म्हणून ग्राहक नाराज होतात. पण मोहोर आला की तुडतुडे येतात, आणि त्यांचा चिकटा बारीक थेंबांनी खाली पडतो. सकाळी रुळावरून बोट फिरवा, गुळाच्या पाकात बुडवल्यासारखं चिकटतं. त्यावर धूळ बसते, इंजिनाची चाकं जागीच फिरतात. गुलमोहर आणि बूच यांची फुलं-पानं सतत गळतात, जांभळाचे डाग पडतात. रेल्वेशेजारी बुटकी, बारीक पानांची झाडं शोभतात: जेड, कुफिया, छाटून ठेवलेली मेंदी, उन्हाच्या पट्ट्यात ऑफिस टाईम. जेडची दोन वर्षांची फांदी नीट छाटली तर स्टेशनाबाहेरच्या वडासारखी दिसते.

लाकडी स्लीपर वाळवी खाते, म्हणून उन्हाला टिकणाऱ्या प्लास्टिकचे घ्या. घूस भरावाखाली बीळ करते आणि वरून काही दिसत नाही. महिन्यातून एकदा हाताने दाबून बघा. बोगदा एक मीटरहून लांब नको आणि त्याचं छप्पर उचलता येईल असंच हवं. गाडी अडकली तर हात आत घालायच्या आधी छप्पर उघडा, टॉर्च मारा. विंचू आणि साप यांना अशी थंड जागा आवडते.

गच्चीवर हवी असेल तर वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडायचं नाही, सुट्या ब्लॉकवर फळ्या ठेवून मार्ग करायचा आणि पावसाआधी उचलायचा. सोसायटीत राहत असाल तर परवानगीचं पत्र आधी घ्या.

आम्ही येऊ तेव्हा

पाहणीला आम्ही मुद्दाम जुलै-ऑगस्टमध्ये येतो, भर पावसात. त्याआधी परसाची लांबी-रुंदी मोजून ठेवा, पाण्याची टाकी, ड्रेनेजची झाकणं आणि जमिनीखालची वायर कुठे आहे ते कागदावर दाखवा, आणि एखाद्या मोठ्या सरीनंतर लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. खोदाई पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात. रूळ टाकायचे डिसेंबर-जानेवारीत. पहिल्या वर्षी एकच वेढा किंवा एकच सरळ मार्ग, एक लूप (गाडी बाजूला घ्यायचा जोडमार्ग) आणि एक स्टेशन एवढंच करून देतो, जास्त पैसे देऊ केले तरी. पुढचा पावसाळा त्याच्यावरून गेला की आम्ही एक फेरी मारून खचलेल्या जागा ठोकून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. यार्ड, दुसरा मार्ग, पूल हे त्यानंतर.

रूळ आणि इंजिन बहुतेक वेळा परदेशातून येतं, त्यामुळे अंदाजपत्रकात त्याचा आकडा वेगळा दाखवतो. खोदाई, मुरूम, ग्रिट आणि मजुरीचा आकडा त्याच्या खाली असतो. काटकसर करायची असेल तर वरच्या आकड्यात करा: एक डबा कमी घ्या, तो पुढच्या वर्षी येईल. खालच्या आकड्यात आम्ही सूट देत नाही.

पाहणीच्या दिवशी घरातल्यांपैकी जो ही गाडी रोज चालवणार आहे त्याला थांबायला सांगा, मग तो सहा वर्षांचा असो की सत्तरचा. कट्ट्याची उंची त्याच्या हाताच्या मापाने घ्यायची आहे.