‘अपग्रेड’ या शब्दाचा गुंता: हौशी प्रोग्रामिंगची पार्श्वभूमी

हौसेने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या बोलण्यात ‘अपग्रेड’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो, आणि निम्मे वाद तिथेच सुरू होतात. वापरणाऱ्याच्या लेखी अपग्रेड म्हणजे जुनी फाइल गेली, नवी आली. लिहिणाऱ्याच्या लेखी त्यात दोन कामे असतात. एक, आपला प्रोग्राम सुधारणे. दुसरे, ज्या भाषेत तो लिहिला ती भाषाच बदलली तर तोच प्रोग्राम पूर्वीसारखा चालता ठेवणे. या दुसऱ्या कामातून वापरणाऱ्याला नवे काहीच मिळत नाही. हौशी माणसाच्या सुट्ट्या मात्र त्यातच जातात.

सुरुवातीच्या काळात हे दुसरे काम फारसे जाणवत नसे. 1983 साली टर्बो पास्कल हे पास्कल भाषेत प्रोग्राम लिहिण्याचे साधन 49.95 डॉलरला आले आणि एडिटर व कंपायलर (लिहिलेल्या कोडची चालणारी फाइल बनवणारा प्रोग्राम) एकाच ठिकाणी मिळाले. एकदा कंपाइल केलेली फाइल वर्षानुवर्षे चाले. तरीही 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसर वेगवान झाले तसे हे जुने प्रोग्राम सुरू होताच ‘रनटाइम एरर 200’ दाखवून बंद पडू लागले. प्रोग्राममध्ये जोडलेले ‘सीआरटी’ हे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारे तयार कोडचे युनिट सुरुवातीलाच यंत्राचा वेग मोजून एक भागाकार करत असे, आणि आता त्याचे उत्तर ठरलेल्या 16 बिटांच्या जागेत मावत नव्हते. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नाही आणि प्रोग्राम मोडला! पण निदान दोष कुठे आहे ते कळत होते, आणि त्या युनिटची दुरुस्तीही हौशी मंडळींनीच एकमेकांना पुरवली.

खरा वाद पुढचा. मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल बेसिक ही भाषा 1991 साली आली आणि 1998च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत तिने हौशी लोकांना फॉर्मवर बटण ठेवून त्यामागे चार ओळी लिहायला शिकवले. 2002 साली तिची डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचा अनेक भाषांसाठीचा नवा सामाईक पाया) आवृत्ती आली. नाव तेच राहिले, भाषा मात्र आतून वेगळी झाली. ‘इंटिजर’ (पूर्णांक साठवण्याचा प्रकार) 16 बिटांचा होता, तो 32 बिटांचा झाला. प्रोसिजरला दिलेले मूल्य वेगळे काही न सांगितल्यास आधी ‘बायरेफ’ (मूळ व्हेरिएबलच हाती, म्हणजे त्यात बदल होऊ शकतो) जात असे, ते ‘बायव्हॅल’ (फक्त प्रत) जाऊ लागले. ‘व्हेरियंट’ (कोणत्याही प्रकारचे मूल्य ठेवणारा प्रकार), कंट्रोल अॅरे (एकाच नावाच्या बटणांसारख्या घटकांचा गट) आणि ‘गोसब’ (त्याच प्रोसिजरमधल्या दुसऱ्या ओळीवर जाऊन परत येण्याची आज्ञा) गेले.

हे बदल अकारण नव्हते. नव्या पायावर इतर भाषांशी जुळवून घ्यायचे तर काही जुन्या सवयी सोडाव्या लागणारच होत्या. डॉटनेटच्या चाचणी आवृत्तीत तर अटी जोडणाऱ्या ‘अँड’ आणि ‘ऑर’ यांचे वागणेही बदलले होते, ‘ट्रू’ची (खरे) किंमत उणे 1 राहिली नव्हती आणि ‘डिम ए(10)’ लिहून यादी घोषित केली की 11 ऐवजी 10च घटक मिळत. वापरणाऱ्यांनी विरोध केल्यावर 2001मध्ये हे तीन बदल मागे घेतले गेले; त्याच तडजोडीतून ‘अँडऑल्सो’ आणि ‘ऑरएल्स’ हे अटी जोडणारे नवे शब्द आले. बाकीचे बदल राहिले. माझ्या मते भाषेचे नाव वेगळे ठेवले असते तर निम्मा राग उद्भवलाच नसता. नाव तेच म्हणजे कोडचा अर्थही तोच, असे लिहिणारा धरून चालतो.

जुना कोड नव्या भाषेत बदलून देणारा, सोबत दिलेला अपग्रेड विझार्ड बऱ्याच गोष्टी समजूतदारपणे करत असे. आकार तोच राहावा म्हणून ‘इंटिजर’चा ‘शॉर्ट’ (16 बिट) आणि ‘लाँग’चा ‘इंटिजर’ (32 बिट) करून देई. जिथे जमले नाही तिथे कोडमध्ये सूचना लिहून ठेवी. मोठ्या प्रोग्रामात अशा सूचनांचा ढीग पडे. मी तो ढीग टाळला आणि कामाच्या प्रोसिजर हातानेच उचलून नव्या प्रोजेक्टमध्ये आणल्या. माझी नोंदींची फाइल ठरावीक लांबीच्या रेकॉर्डची होती आणि तीत प्रत्येक ‘इंटिजर’ 2 बाइटचा होता. नवा प्रोग्राम तिथे 4 बाइट वाचू लागला. एकही एरर आली नाही, फक्त आकडे चुकीचे आले, आणि ते लक्षात येईपर्यंत मी काही नोंदी त्याच फाइलवर परत लिहिल्याही होत्या. बंद पडणारा प्रोग्राम परवडतो. गप्प राहून चुकीचे लिहिणारा नाही.

2005 साली जुन्या भाषेचा विकास चालू ठेवा, अशी मायक्रोसॉफ्टकडे मागणी करणारी याचिका निघाली. ती मान्य झाली नाही. एप्रिल 2008मध्ये सहाव्या आवृत्तीच्या लेखन-साधनाचा आधार पूर्ण थांबला आणि 2010च्या आवृत्तीतून विझार्डही गेला. रनटाइम (बनलेले प्रोग्राम चालवायला लागणाऱ्या फाइली) मात्र विंडोजसोबत येतच राहिले. त्यामुळे 1998च्या साधनाने बनवलेले अनेक प्रोग्राम विंडोज 11वरही चालतात. त्यात एक ओळ बदलायची तर मात्र आधार संपलेले तेच जुने साधन शोधून बसवावे लागते.