नीलेतलं रक्त निळं नसतं

शाळेच्या आकृतीत हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणी लाल, हृदयाकडे रक्त परत आणणारी नीला निळी, नावही 'नीला'च. त्यामुळे अंगात निळं, 'अशुद्ध' रक्त वाहतं असं पुष्कळांना आजही वाटतं. तसं अजिबात नाही. तपासणीसाठी कोपराच्या आतल्या बाजूने रक्त काढतात, ते नीलेतूनच. सिरिंजमध्ये येताना नीट बघा: गडद, काळपट लाल. मनगटावरची शीर निळसर दिसते ती प्रकाशामुळे. लाल प्रकाश त्वचेत खोल शिरतो, शिरेतलं रक्त त्यातला बराच शोषून घेतं. निळा मात्र वरच्यावरच परततो. 'अशुद्ध' हा शब्द तर मला फार खटकतो. आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातलं सुमारे ७५ टक्के हिमोग्लोबिन अजून ऑक्सिजन धरून असतं!