पहिल्या आवृत्त्यांचा संग्रह

अभिजात कादंबऱ्या ज्या रूपात प्रथम वाचकांच्या हाती पडल्या, त्या प्रती शोधून, पारखून जपण्याचा छंद. छपाईसाठी केलेल्या एकाच अक्षरजुळणीवरून छापलेल्या सगळ्या प्रती मिळून एक आवृत्ती होते. संग्राहकाला मात्र त्यातली पहिल्या खेपेची छपाई हवी असते. ती ओळखायची तर पुस्तक पानोपानी तपासावे लागते, कारण पहिल्या पानांवरची प्रकाशनाची नोंद दर वेळी पुरेशी नसते.

पारख कशी चालते हे अमेरिकी कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’वरून समजते. स्क्रिब्नर्स या प्रकाशनाने न्यूयॉर्कमध्ये १० एप्रिल १९२५ रोजी ती प्रसिद्ध केली. पहिली छपाई २०,८७० प्रतींची. या प्रतींत २०५व्या पानावर ‘सिक अँड टायर्ड’ (पुरते वैतागलेले) या अर्थी ‘सिक इन टायर्ड’ अशी चूक राहिली आहे. ६०व्या पानावर ‘चॅटर’ हा शब्द आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघालेल्या दुसऱ्या छपाईत तिथे ‘एकोलेलिया’ आला. फ्रान्सिस कुगाट यांनी चितारलेल्या, पुस्तकावर चढवायच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या मागच्या बाजूला ‘जे गॅट्सबी’ या नावाचे आद्याक्षर मोठ्याऐवजी लहान पडले. प्रकाशकाने ते बऱ्याच वेष्टनांवर हाताने सुधारून घेतले. हे वेष्टन पुस्तकापेक्षा किंचित उंच, त्यामुळे त्याच्या कडा लवकर फाटत, आणि त्या काळी बरेच वाचक वेष्टन काढून टाकत. म्हणूनच वेष्टनाविना प्रत काही हजार डॉलरना मिळते, तर चांगल्या वेष्टनासह तिची किंमत एक लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. एका प्रतीचे वेष्टन दुसरीवर चढवून विकण्याचा प्रकारही बाजारात चालतो. विक्रेत्याने तो उघड सांगितला नाही, तर ती सरळ फसवणूक ठरते.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांचे गणित वेगळे. जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली तीन खंडांत निघाली. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या लेखिकेची कादंबरी एवढेच छापले होते. अशी पुस्तके साध्या कागदी पुठ्ठ्यात विकली जात आणि श्रीमंत ग्राहक ती चामड्यात बांधून घेत. बांधणाऱ्याने कडा छाटल्या, कधी आरंभीचे, फक्त पुस्तकाचे नाव छापलेले अर्धशीर्षकाचे पान काढून टाकले, की पुस्तकाचा मूळ पुरावा गेला. देखण्या चामडी बांधणीपेक्षा मळका मूळ पुठ्ठा अधिक मोलाचा, हे नव्या संग्राहकाला पटायला वेळ लागतो, पण ते खरे आहे. पुढे तीन खंडांच्या कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंगांवर स्थिरावली. सामान्य वाचकाला ती परवडत नसे, म्हणून मोठा खप मूडीसारख्या वर्गणीच्या वाचनालयांत होई. तिथल्या प्रती वाचून वाचून खिळखिळ्या झाल्या, त्यामुळे स्वच्छ संच दुर्मिळ आहेत. इंग्रज संग्राहक मायकेल सॅडलिअर यांनी अशा कादंबऱ्यांचा मोठा संग्रह उभारून १९५१ मध्ये त्याची सूची प्रसिद्ध केली. तो संग्रह आता लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे.

डिकन्सच्या बाबतीत तर पहिले रूप पुस्तकाचे नसतेच. ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये एक शिलिंगाच्या मासिक भागांत आली. सुरुवातीचे भाग थोडेच छापले होते. शेवटी खप ४०,०००च्या आसपास पोहोचला. त्यामुळे आरंभीच्या भागांच्या खऱ्या पहिल्या छपाया मिळणे फार अवघड. हिरवी कागदी वेष्टने आणि आतल्या जाहिरातींची पानेही मोजून घेतली जातात.

मराठीतही हाच प्रश्न येतो. हरि नारायण आपटे यांच्या कित्येक कादंबऱ्या १८९० साली सुरू झालेल्या त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आल्या. पुस्तक हाती असले तरी अशा कादंबरीचे मूळ रूप साप्ताहिकाच्या अंकांतच शोधावे लागते. जुन्या ग्रंथालयांनी पुस्तके टिकावीत म्हणून नवी पुठ्ठाबांधणी केली, त्यात कित्येकदा मूळ मुखपृष्ठे गेली. म्हणून जुने अंक किंवा पुस्तके हाती आल्यास बांधणी उसवू नये आणि मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पाने आहेत तशीच जपावीत.