बॅलिनाहिंच कासल

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॉनमारा भागात (गॉलवे परगणा) ओवेनमोर नदीच्या काठी उभा असलेला जुना जमीनदारी वाडा. सध्या हे हॉटेल असून सॅमन माशाच्या गळमासेमारीसाठी ते प्रसिद्ध आहे. नावात किल्ला (कासल) असला तरी ही इमारत किल्ला नव्हे. ओ'फ्लाहर्टी घराण्याचा जुना मनोरा वरच्या अंगाच्या तळ्यातील बेटावर पडक्या अवस्थेत आहे. हे ठिकाण कायम एकाच कुटुंबाकडे राहिले नाही. मालक बदलत गेले, पण बहुतेकांचा जीव वाड्याइतकाच, किंबहुना जास्तच, खालच्या पाण्यात गुंतलेला होता.

त्याला कारण आहे. ओवेनमोर ही तळ्यांच्या साखळीतून वाहत येणारी नदी. कॉनमाऱ्यातील लहान नद्या पाऊस थांबला की लवकर ओसरतात. इथे मात्र तळी पाणी धरून ठेवतात आणि समुद्रातून परतणाऱ्या माशांना वर चढायला जास्त दिवस मिळतात. अटलांटिक सॅमन नदीत जन्मतो, उत्तर अटलांटिकमध्ये वाढतो आणि अंडी घालायला जन्मनदीत परततो. समुद्रात एकच हिवाळा काढून येणाऱ्या माशांना ग्रिल्स म्हणतात. त्यांची मोठी आवक उन्हाळ्यात होते. नदीत शिरल्यावर सॅमन खाणे जवळजवळ बंद करतो. तरीही गळाला बांधलेली पिसे-धाग्यांची खोटी माशी समोरून गेली की तो कधीकधी तिच्यावर झडप घालतो. असे तो का करतो, याचे पुरते उत्तर कोणाकडेच नाही, आणि मासेमारीचा हा सगळा श्रीमंती खेळ त्या झडपेवरच उभा आहे.

मार्टिन घराण्याच्या काळात ही इस्टेट सुमारे २ लाख एकरांची होती. त्यातील रिचर्ड मार्टिन (१७५४–१८३४) याने १८२२ साली ब्रिटिश संसदेत गुराढोरांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा मंजूर करून घेतला. १८२४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या प्राणिरक्षण संस्थेच्या संस्थापकांतही तो होता. जनावरांना छळणाऱ्या कुळांना तो बेटावरच्या मनोऱ्यात कोंडत असे, अशी आख्यायिका आहे. उदार माणूस, पण हिशेबाचा कच्चा; कर्जामुळे त्याला फ्रान्समध्ये जाऊन राहावे लागले. पुढे बटाट्याच्या दुष्काळात त्याचा मुलगा टॉमस गरीबगृहातील आपल्या कुळांना भेटायला गेला असता तापाने आजारी पडला आणि १८४७ मध्ये मरण पावला. टॉमसची मुलगी मेरी हिच्या वाट्याला बुडालेली इस्टेट आली. १८५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचा मृत्यू झाला. त्या वर्षांत माणसे उपाशी मरत होती आणि नदीतला सॅमन धरणे हा मात्र चोरीचा गुन्हा होता. या जागेच्या देखण्या जाहिरातींत हा भाग सहसा येत नाही.

इस्टेट कर्ज देणाऱ्या विमा कंपनीच्या ताब्यात गेली आणि १८७२ मध्ये लंडनचा दारूभट्टीवाला रिचर्ड बेरिज याने ती विकत घेतली. बेरिज कुटुंबाने वाडा मासेमारीचे घर म्हणून वापरला.

भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल तो यापुढचा मालक : काठेवाडातील नवानगर संस्थानचे जामसाहेब रणजितसिंहजी, ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो. १९१५ मध्ये शिकारीच्या अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला होता. तरी गळाचा नाद सुटला नाही. १९२४ मध्ये ते कॉनमाऱ्यात आले, पुढे वाडा आणि मासेमारीचे हक्क त्यांनी विकत घेतले, आणि मृत्यूपर्यंत (१९३३) त्यांचे उन्हाळे बहुधा इथेच गेले. नदीकाठी गळ टाकण्यासाठी दगडी धक्के आणि पावसात आसऱ्याला झोपड्या त्यांनी बांधवल्या, बागाही सजवल्या. कामे निघाल्यामुळे आणि सढळ हातामुळे गावकऱ्यांत त्यांची आठवण चांगली राहिली. पैसा अर्थात काठेवाडातल्या रयतेचा होता, हेही नोंदवायला हवे.

त्यांच्यानंतर वाडा डब्लिनच्या मॅककॉर्मिक कुटुंबाकडे गेला. १९४६ मध्ये आयरिश पर्यटन मंडळाने तो घेऊन हॉटेल सुरू केले; नंतर तो पुन्हा खासगी मालकीत गेला. नदीचे पट्टे पाडून ते पाहुण्यांना वाटून द्यायचे आणि सोबत पाण्याचा जाणकार वाटाड्या, म्हणजे गिली, द्यायचा, ही रीत हॉटेलनेही चालू ठेवली. कुठल्या उंचीच्या पाण्यात मासा कुठल्या खडकामागे थांबतो, हे ज्ञान मालकांपेक्षा या स्थानिक माणसांकडेच मुरत आले.

अलीकडचा इतिहास घसरणीचा आहे. १९८९ मध्ये कॉनमाऱ्यातील समुद्री ट्राउटची (सॅमनसारखाच समुद्रातून नदीत परतणारा मासा) संख्या अचानक कोसळली. किनाऱ्यावरच्या सॅमनपालन केंद्रांत वाढणाऱ्या समुद्री उवांकडे (माशांच्या अंगाला चिकटणारे परजीवी) अनेकांनी बोट दाखवले आणि त्यावरचा वाद दीर्घकाळ चालला. वन्य सॅमनही घटत गेला. २००७ पासून आयर्लंडने समुद्रातील वाहत्या जाळ्यांनी सॅमन धरण्यावर बंदी घातली. प्रत्येक नदीतील आवक तपासून ती मासेमारीला खुली ठेवायची, पकडलेला मासा परत सोडण्याच्या अटीवर चालवायची की पूर्ण बंद करायची, हे आता सरकार दरवर्षी ठरवते.